टिकणाऱ्या समाधानाची पारख : संत इग्नेशियस लोयोला यांची शिकवण

देवाच्या कृपेने घरात सारे काही आहे, उणे असे काहीच नाही, समाधान मात्र नाही, ही तक्रार आज धर्मगुरूंच्या कानी वारंवार पडते. ती करणारे लोक अश्रद्ध नसतात. रविवारची मिस्सा ते चुकवीत नाहीत, संध्याकाळी घरात रोझरी होते, सणाच्या वर्गणीला ते हात आखडता घेत नाहीत. घर बांधून झाले, मुलामुलींची शिक्षणे झाली, कोणी आखातात तर कोणी कॅनडात स्थिरावले, आणि नेमक्या याच टप्प्यावर मनाला एक रितेपण जाणवू लागते. अशा वेळी आम्ही धर्मगुरू साधारणपणे एक ठरलेले उत्तर देतो : खरे समाधान देवापाशीच आहे. हे उत्तर सत्य आहे, यात शंका नाही. परंतु ते ऐकून घरी गेलेल्या माणसाजवळ दोन प्रश्न तसेच शिल्लक राहतात. देवापाशी जायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि मनाला जे बरे वाटले ते देवाकडूनच आले, हे ओळखायचे कसे?

या ‘कसे’चा अत्यंत सूक्ष्म विचार ख्रिस्तसभेत ज्यांनी केला, त्यांत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आपल्याकडे येशूसंघ परिचित आहे तो मुख्यतः शाळा-महाविद्यालयांमुळे. मुंबईचे १८६९ साली सुरू झालेले संत झेविअर महाविद्यालय हे त्याचे ठळक उदाहरण. संस्थापकांची शिकवण मात्र धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्या वार्षिक तपःसाधनेपुरती मर्यादित राहिली आहे. वस्तुतः ही शिकवण ज्यांना स्फुरली ते इग्नेशियस त्या वेळी धर्मगुरू नव्हते. त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती १५३७ साली, वयाच्या सेहेचाळिशीत. समाधानाची पारख ते शिकले ते एक प्रापंचिक, एक जखमी सैनिक म्हणून. म्हणूनच ती प्रापंचिकांपर्यंत पोहोचावी असे आम्हांला वाटते.

दरबारी तरुण

इ. स. १४९१ मध्ये उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, आस्पेतिया गावाजवळील लोयोला गढीत त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. घराणे लहानसे पण मानी. किशोरवयातच इनिगोला कास्तील राज्याचे खजिनदार हुआन व्हेलास्केझ यांच्या घरी दरबारी रीतिरिवाज शिकण्यासाठी पाठविण्यात आले. उंची पोशाख, तलवारबाजी, द्यूत आणि मानमरातब यांची गोडी त्याला तेथेच लागली. १५१७ साली व्हेलास्केझ राजमर्जीतून उतरले आणि थोड्याच काळात मरण पावले. ज्या आश्रयावर सारे भवितव्य उभे होते, तो आश्रय असा नाहीसा झाला. इनिगो त्यानंतर नव्हार प्रांताच्या राजप्रतिनिधींच्या सेवेत रुजू झाला.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याचा मारा चालू होता. शरण जावे असे इतरांचे मत असता, लढावे असा आग्रह इनिगोने धरला होता. तोफेच्या एका गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. तो पडताच किल्ला शरण गेला. फ्रेंचांनी त्याला सौजन्याने वागविले आणि घरी लोयोलाला पोहोचते केले. तेथे हाड नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसविण्यात आले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात ही शिक्षाच होती. जून अखेरीस तो मरणाच्या दारात पोहोचला आणि संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या सुमारास वाचला. एवढे होऊनही गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. त्यावर तंग, फॅशनचे बूट चढणार नाहीत, एवढ्या कारणासाठी इनिगोने ते हाड कापून काढावयास लावले. मरणाच्या दारातून परतलेला माणूस बुटांसाठी पुन्हा वेदना पत्करतो, हे वाचून हसू येते खरे, पण प्रतिष्ठेपायी आपण काय काय सोसतो याची यादी ज्याने त्याने आपापल्या मनाशी करून पाहावी.

दोन प्रकारची स्वप्ने

पुढील काही महिने अंथरुणातच काढावे लागले. वेळ घालविण्यासाठी इनिगोने शूर सरदारांच्या प्रेमकथा मागविल्या. गढीत तसे पुस्तक नव्हते. होती ती दोनच : सॅक्सनीचे लुडॉल्फ या कार्थुसियन संन्याशाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक संग्रह. नाइलाजाने तो ती वाचू लागला.

यानंतर जे घडले ते त्यांनी स्वतःच, आयुष्याच्या अखेरीस, १५५३ ते १५५५ या काळात आपले सहकारी फादर लुईस गोन्साल्वीस दा कामरा यांना सांगितले. ते निवेदन आज त्यांचे आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. त्यात ते स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘यात्रेकरू’ म्हणतात. पुस्तक बाजूला ठेवले की इनिगोचे मन दोन दिशांना धावत असे. कधी तो एका अतिशय उच्च कुळातील स्त्रीची सेवा कशी करावी, तिच्यापुढे काय बोलावे, कोणता पराक्रम गाजवावा, याची चित्रे रंगवीत तीन-तीन, चार-चार तास घालवी. कधी त्याला वाटे, संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपण केले तर? अनवाणी यरुशलेमला जावे, कंदमुळांवर राहावे, कठोर तप करावे. दोन्ही स्वप्ने रंगवीत असताना गोड वाटत. येथपर्यंत दोहोंत काही फरक नव्हता.

फरक होता तो नंतर. पहिल्या प्रकारची स्वप्ने संपली की मन कोरडे आणि असंतुष्ट होई. दुसऱ्या प्रकारची स्वप्ने संपल्यावरही आनंद आणि समाधान मागे राहत असे. बराच काळ हा फरक त्याच्या ध्यानातही आला नाही. एके दिवशी त्याचे डोळे किंचित उघडले, तो या भेदाचे नवल करू लागला, आणि एक विचार आपल्याला उदास करून जातो तर दुसरा प्रफुल्लित ठेवून जातो, असे का, याचा शोध घेऊ लागला.

वाचकहो, इग्नेशियस यांच्या अध्यात्माचे बीज ते हेच. यात कोणताही दृष्टांत नाही, आकाशवाणी नाही. एका आजारी माणसाने आपल्याच मनाकडे लक्षपूर्वक पाहिले, एवढेच घडले. समाधानाची परीक्षा उपभोगाच्या क्षणी करायची नसते, तो क्षण सरल्यावर मनात काय उरले त्यावरून करायची असते. नवी गाडी दारात आली तो दिवस आणि त्यानंतर सहा महिन्यांनी येणारा एखादा साधा मंगळवार, यांची तुलना करावी. आजारी शेजाऱ्याला रात्री रुग्णालयात नेले, झोप मोडली, दुसऱ्या दिवसाचा पगार बुडाला, तरी त्या रात्रीची आठवण आज मनात काय ठेवून गेली आहे, तेही पाहावे. प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीला विहिरीच्या पाण्याविषयी जे सांगितले (योहान ४:१३-१४), त्याचा पडताळा असा स्वतःच्या आयुष्यात घेता येतो.

पोप फ्रान्सिस हे येशूसंघातून आलेले पहिले पोप. २०२२ साली त्यांनी आत्मिक विवेकावर बुधवारची प्रवचनमाला सुरू केली, तेव्हा दुसऱ्याच प्रवचनात, ७ सप्टेंबर रोजी, त्यांनी हाच प्रसंग निवडला होता. पाम्प्लोनाच्या घटनेला ५०० वर्षे झाल्यानिमित्त येशूसंघाने पाळलेले इग्नेशियन वर्ष त्याआधी थोडेच दिवस, ३१ जुलै २०२२ रोजी, संपले होते.

भक्ती आहे, पण शांती नाही

येथवर येऊन लेख थांबविला तर वाचकांची दिशाभूल होईल. संसाराची स्वप्ने फोल, भक्तीची स्वप्ने खरी, तेव्हा भक्ती वाढवा आणि समाधान मिळवा, असा सोपा हिशेब त्यातून निघेल. काही प्रार्थनामेळाव्यांच्या जाहिरातीही असाच हिशेब मांडत असतात. इग्नेशियस यांचा पुढचा अनुभव मात्र वेगळा आहे.

१५२२ च्या मार्च महिन्यात मोंसेरात येथील पवित्र मरियेच्या तीर्थमंदिरात त्यांनी तीन दिवस घेऊन, लिहून काढून, संपूर्ण आयुष्याचे पापनिवेदन केले. उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली, तलवार वेदीजवळ सोडली आणि रात्रभर जागरण केले. तेथून ते जवळच्या मान्रेसा गावी गेले. मुक्काम काही दिवसांचा ठरला होता, तो जवळजवळ अकरा महिने लांबला. भिक्षा मागावी, रुग्णांची सेवा करावी, रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करावी, असा क्रम होता. केस आणि नखे मुद्दाम वाढू दिली होती.

आणि याच काळात त्यांना संशयाने ग्रासले. आपण पापे पूर्णपणे सांगितली नाहीत, काहीतरी राहून गेले, अशी बोचणी लागली. ते पुन्हा पापनिवेदनाला जात, थोडे हलके वाटे, आणि पुन्हा अधिक बारीक शंका उभी राही. प्रार्थना चालू, उपवास चालू, संस्कार चालू, तरी यातना वाढतच गेल्या. कोणीतरी मार्ग दाखवावा, त्यासाठी एखाद्या कुत्र्याच्या पिल्लामागे जावे लागले तरी जाईन, असे त्यांनी त्या अवस्थेत देवाला कळवळून सांगितले. आपले जीवन संपवावे, असा विचारही त्यांच्या मनात वारंवार आला. देवाला दुखवणारे कृत्य मी करणार नाही, असे ओरडत त्यांनी तो परतवून लावला. मग देवाने सुटका करीपर्यंत अन्न न घेण्याचा निश्चय करून त्यांनी आठवडाभर निरंकार उपवास केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली, तेव्हाच तो सोडला.

संतचरित्रे सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. आम्हांला तो अतिशय मोलाचा वाटतो, कारण कडक धार्मिकतेच्या आड दडलेली अशी घुसमट आपल्याही धर्मग्रामांत आहे. तेच ते पाप पुन:पुन्हा सांगूनही क्षमा झाली असे ज्यांना वाटत नाही, अशा भाविकांना धर्मगुरू ओळखतात. त्यांच्या दुःखाला अश्रद्धा म्हणणे हा अन्याय आहे. जीवन नकोसे वाटण्यापर्यंत ज्यांचे मन गेले असेल, त्यांनी धर्मगुरूंशी बोलावेच, पण त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांकडेही जावे. डॉक्टरांचे उपचार घेतल्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

इग्नेशियस यांची सुटका कशी झाली? पहिल्यांदा वापरलेलीच पारख त्यांनी येथे पुन्हा लावली. या शंका कोठून सुरू होतात आणि मला कोठे नेऊन सोडतात, हे त्यांनी तपासले. त्या निराशेकडे आणि आत्मनाशाकडे नेत होत्या. जे पापाच्या नावाने बोलते ते सारेच देवाकडून येत नाही, हे त्यांना उमगले. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला आणि त्या दिवसापासून ते मोकळे झाले. देव आपल्याला एखाद्या शिक्षकाने शाळकरी मुलाला शिकवावे तसा शिकवीत होता, असे त्यांनी या काळाविषयी सांगितले आहे. पुढे लोकांना साहाय्य करताना सौम्यतेचा उपयोग दिसू लागला, तेव्हा त्यांनी केस आणि नखेही कापावयास सुरुवात केली.

आणखी एक बारकावा. दिवसभराच्या श्रमांनंतर झोपायला गेले की त्यांना उदात्त विचार आणि मोठी आत्मिक गोडी जाणवू लागे, आणि आधीच थोडी असलेली झोप उडून जाई. देवासाठी दिवसाचे इतके तास दिलेले असताना झोपेच्या वेळी हे का यावे, असा विचार करून त्यांनी ते दूर सारले व ते झोपले. बार्सिलोनात वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकतानाही हेच झाले. पाठांतराला बसले की नेमके भक्तीचे उमाळे येत. हाही मोहच, असे ओळखून त्यांनी शिक्षकांची भेट घेतली आणि दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही असे वचन दिले. गोड वाटणे ही देवाची खूण आहेच असे नव्हे. मुलाचा अभ्यास, म्हाताऱ्या सासूचे औषधपाणी किंवा दुकानाचा हिशेब बाजूला सारून जी भक्ती सुखावते, तिची पारख करणे आवश्यक आहे, ते यासाठी.

सांत्वन आणि विषण्णता

मान्रेसा येथे लिहिण्यास घेतलेली टिपणे पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात संकलित झाली. तिसरे पोप पॉल यांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली. ग्रंथ लहान आहे आणि तो वाचण्यासाठी नाही, करण्यासाठी आहे. पाककृतीचे पुस्तक वाचून पोट भरत नाही, तसेच हे. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, चार टप्प्यांची. ज्यांना कामधंदा सोडून एवढे दिवस काढता येत नाहीत, त्यांनी रोज थोडा वेळ देऊन घरीच ती करावी, अशी तरतूद खुद्द इग्नेशियस यांनीच त्यात करून ठेवली आहे.

या ग्रंथात मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. ज्या अवस्थेत श्रद्धा, आशा व प्रीती वाढते, मन देवाकडे ओढ घेते आणि शांत होते, ते सांत्वन. जेव्हा अंधार दाटतो, प्रार्थनेचा कंटाळा येतो, देव दूर गेल्यासारखा वाटतो आणि हलक्या गोष्टींकडे मन धावते, ती विषण्णता. सांत्वन म्हणजे नुसती मौज नव्हे. पापांसाठी किंवा ख्रिस्ताच्या दुःखसहनासाठी येणारे अश्रू हेही सांत्वनच होय. विषण्णता हेदेखील केवळ दुःख नव्हे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसालाही ती असू शकते, आणि ‘सारे आहे पण समाधान नाही’ या तक्रारीचे हेच मूळ असण्याचा संभव आहे.

या संदर्भातील त्यांचा एक नियम प्रत्येक ख्रिस्ती घरात ठाऊक असावयास हवा. विषण्णतेच्या काळात, आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. अंधारात रस्ता बदलणारा बहुधा चुकतो. विवाहातील पहिल्या मोठ्या भांडणानंतर, व्रतस्थ जीवनातील पहिल्या कोरड्या वर्षी, व्यवसायातील पहिल्या तोट्यानंतर जे निर्णय घेतले जातात, ते अशाच अंधारात घेतले जातात. पॅरिश कौन्सिलचे राजीनामेही बहुधा सभा संपल्यावर त्याच रात्री लिहिलेले असतात! अशा वेळी निश्चय बदलण्याऐवजी स्वतःला थोडे बदलावे, प्रार्थनेत ठरल्यापेक्षा थोडा अधिक वेळ थांबावे, असे ते सांगतात. आणि मनातील अंधार लपवून ठेवू नये. कपटी प्रियकराला जसे आपले बोलणे मुलीच्या वडिलांच्या कानी जाऊ नये असे वाटते, तसे सैतानाला गुप्तता हवी असते. जाणत्या व्यक्तीपुढे बोलताच त्याचे बळ सरते.

विषण्णता का येते, याची तीन कारणे इग्नेशियस देतात. कधी आपल्याच हेळसांडीमुळे, कधी आपली कसोटी पाहण्यासाठी, आणि कधी एवढेच कळावे म्हणून की सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे. आमच्या मते तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. समाधानाला आपण मजुरी समजतो. इतक्या नोव्हेना केल्या, इतके दान दिले, आता समाधान का मिळत नाही, असा जाब विचारतो. देणगीचा जाब विचारता येत नाही.

अनासक्ती हा शब्द

साधनेच्या आरंभीच इग्नेशियस एक पाया घालून देतात. मनुष्य देवाची स्तुती, आदर व सेवा करण्यासाठी निर्माण झाला आहे. जगातील इतर सर्व वस्तू त्यासाठी साहाय्य म्हणून आहेत. ज्या प्रमाणात त्या साहाय्य करतील त्या प्रमाणात त्या वापराव्या, अडथळा करतील त्या प्रमाणात सोडाव्या. आरोग्य की आजार, संपत्ती की गरिबी, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी एकाचाच हट्ट धरू नये.

मराठी वाचकाला येथे सहजच अनासक्ती हा शब्द आठवेल. शब्द जवळचा आहे, मात्र एक भेद लक्षात घ्यावयास हवा. इग्नेशियस यांना अभिप्रेत असलेली मोकळीक ही एका व्यक्तीवरील, ख्रिस्तावरील प्रेमातून येते. ती इच्छा मारीत नाही, इच्छेला क्रम लावते. मुलीच्या फीची काळजी करणारा बाप आसक्त नव्हे. मुलीला अमुकच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तरच माझे जगणे सार्थ, असे म्हणणारा बाप बांधला गेला आहे. त्याच्या समाधानाची किल्ली एका प्रवेशयादीच्या हाती गेली आहे.

पॅरिसच्या विद्यापीठात इग्नेशियस यांच्याबरोबर एकाच खोलीत राहणारा फ्रान्सिस झेविअर नावाचा तरुण अशाच बंधनात होता. हुशार, मानी, विद्वत्तेची आणि पदाची आकांक्षा बाळगणारा. सारे जग मिळविले आणि जीव गमावला तर काय लाभ, हा प्रभूचा प्रश्न (मार्क ८:३६) इग्नेशियस त्याला पुन:पुन्हा विचारीत, असे परंपरा सांगते. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे ज्या सात मित्रांनी व्रते घेतली, त्यांत झेविअर होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढील दहा वर्षांचा इतिहास आपल्याला माहीत आहे. पण त्यांचा शेवट कसा झाला हे या विषयाच्या दृष्टीने पाहावे. चीनमध्ये सुवार्ता नेण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरील एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत, तापाने त्यांना मरण आले. योजना पूर्ण होणे म्हणजेच कृतार्थता मानली, तर झेविअर अयशस्वी ठरतात.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवनही येथे आठवते. वसईत येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेले गोन्सालो त्यांच्याबरोबर तरुणपणीच जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. ते व्यापारात उतरले आणि व्यापार उत्तम चालला. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊन पैसा कमावणारा आपला वसईकर येथे आपल्याला ओळखीचा वाटेल. तो भरभराटीचा व्यापार सोडून गोन्सालो मनिला येथे फ्रान्सिसकन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी रक्तसाक्ष दिली आणि ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद घोषित झाले. जेथे जावेसे वाटले ते दार बंद झाले, जे दार उघडले त्यात मन रमले नाही, आणि तिसऱ्याच दारातून त्यांना आपले बोलावणे सापडले. एखाद्या ठिकाणी नकार मिळाला म्हणजे देवाने नाकारले, असे समजणाऱ्या तरुणांना हे सांगावयास हवे.

रात्रीची पंधरा मिनिटे

आता व्यवहारातील गोष्ट. तीस दिवसांची साधना सर्वांना जमणार नाही, परंतु दैनिक आत्मपरीक्षण प्रत्येकाला शक्य आहे. इग्नेशियस यांना ते इतके महत्त्वाचे वाटे की प्रवास, आजार किंवा कामाच्या रेट्यामुळे एक वेळ इतर प्रार्थना कमी झाली तरी हे सुटू नये, असा त्यांचा कटाक्ष असे.

आपल्यापैकी पुष्कळांना आत्मपरीक्षण म्हणजे पापांची मोजदाद वाटते, आणि ती पापनिवेदनाच्या रांगेत उभे असताना उरकली जाते. इग्नेशियस यांची रीत वेगळी आहे. ते पापांपासून सुरुवात करीतच नाहीत. पहिली पायरी कृतज्ञतेची. आज काय मिळाले? सकाळचा चहा, लोकलमध्ये मिळालेली बसायची जागा, एखाद्याने केलेला फोन. जे बारीकसारीक आहे तेच आठवावे, कारण मोठ्या देणग्या रोज येत नाहीत. मग स्वतःला खरेपणाने पाहता यावे म्हणून प्रकाश मागावा. त्यानंतर दिवस तासातासाने नजरेखालून घालावा. येथे केवळ ‘मी काय केले’ एवढेच पाहायचे नाही. मन कोठे उजळले, कोठे काळवंडले, आणि त्या वेळी मी कोणत्या विचारामागे गेलो, हे पाहायचे आहे. लोयोलाच्या अंथरुणावर सापडलेली पारख ती हीच. जे चुकले त्याबद्दल क्षमा मागावी आणि शेवटी उद्याच्या दिवसातील एखाद्या ठरावीक प्रसंगासाठी कृपा मागावी. ‘उद्या चांगला वागेन’ हा संकल्प फार मोठा आहे. उद्या दुपारी अमक्याशी बोलताना आवाज चढविणार नाही, हा पेलण्याजोगा आहे.

यास दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. घरातील दूरदर्शन संच बंद झाल्यावर, अंथरुणावर पडण्यापूर्वी बसून करावे. पडून केल्यास झोप लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहिले काही दिवस काहीच सापडणार नाही, मन कोरे वाटेल. दोन-तीन आठवड्यांनी मात्र तोच तो एखादा प्रसंग, तीच ती एखादी व्यक्ती, तीच ती एखादी बोच वर येऊ लागते. ती वहीत टिपून ठेवावी आणि पुढच्या प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी धर्मगुरूंपुढे मांडावी. पतिपत्नींनी आठवड्यातून एकदा यातील फक्त पहिली पायरी एकत्र करावी, असे आम्ही सुचवू. एकमेकांचे दोष पाहण्याचा सराव सर्वांनाच आहे, त्यासाठी वेगळी साधना लागत नाही.

पाव तास

येशूसंघाला २७ सप्टेंबर १५४० रोजी मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी इग्नेशियस त्याचे प्रमुख निवडले गेले. उरलेली सारी वर्षे रोममध्ये पत्रव्यवहार, पैशांची विवंचना आणि पोटाचे दुखणे यांत गेली. ज्यांना यरुशलेमला अनवाणी जाऊन तेथेच राहायचे होते, त्यांनी पंधरा वर्षे मेजावर बसून काढली.

संघ मोडला गेला तर तुम्हांला काय वाटेल, या विषयावर एकदा बोलणे निघाले, तेव्हा पाव तास प्रार्थना केली की आपण पूर्ववत शांत होऊ, असे ते म्हणाले. १५५५ च्या मे महिन्यात, त्यांच्याविषयी फारसे अनुकूल नसलेले कार्डिनल काराफा चौथे पॉल या नावाने पोप झाल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांची हाडे न् हाडे हादरली, चेहरा पालटला. ते उठून चॅपलमध्ये गेले आणि थोड्या वेळाने प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. हे फादर दा कामरा यांनी नोंदवून ठेवले आहे. ते हादरले, हे लक्षात घ्यावे. समाधान म्हणजे न हादरणे नव्हे.

३० जुलै १५५६ च्या दुपारी त्यांनी आपले सचिव फादर पोलान्को यांना बोलावून, पोप महोदयांकडे जाऊन आपल्यासाठी आशीर्वाद मागावा, आपला शेवट जवळ आला आहे, असे सांगितले. डॉक्टरांना तसे वाटत नव्हते आणि स्पेनला जाणाऱ्या टपालाची पत्रे पुरी व्हायची होती. उद्या गेलो तर चालेल का, असे पोलान्को यांनी विचारले. उद्यापेक्षा आज बरे, जितके लवकर तितके चांगले, पण तुम्हांला योग्य वाटेल तसे करा, मी तुमच्या स्वाधीन आहे, अशा आशयाचे उत्तर इग्नेशियस यांनी दिले आणि विषय वाढविला नाही. पोलान्को पत्रे लिहीत बसले. रात्री शेजारच्या खोलीतील ब्रदरांना त्यांच्या तोंडून अधूनमधून देवाचे नाव ऐकू येत होते. पहाटे त्यांची अवस्था पाहून पोलान्को पोप महोदयांकडे धावले. ते आशीर्वाद घेऊन परतले, तेव्हा इग्नेशियस देवाघरी गेले होते. तो ३१ जुलैचा दिवस. ख्रिस्तसभा त्याच दिवशी त्यांचा सण साजरा करते.